पहिली न पाहताच दुसरीत

मुंबईत मार्च २०२० मध्ये बंद झालेले प्राथमिक वर्ग प्रत्यक्ष भरले ते १५ डिसेंबर २०२१ रोजी. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले त्या दिवशी प्रथमच बाकावर बसली, आणि तीही थेट दुसरीच्या! ओमायक्रॉनमुळे ४ जानेवारी २०२२ पासून वर्ग पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारीला उघडले. घडी बसण्याआधीच मोडली.

अडचण केवळ राहिलेल्या धड्यांची नव्हती. फळ्यावरचे पाहून वहीत उतरवताना नजरेला जी येरझार करावी लागते, तिचा सराव हातातल्या मोबाइलवर होत नाही. त्यात बाईंच्या तोंडावर मास्क. ‘म’ आणि ‘न’ यांतील भेद मूल कानांइतकाच ओठांकडे पाहून ओळखते; तेच झाकलेले! डबा वाटून खाण्यासही मनाई, मग मैत्री जुळावी कशी?

ग्रामीण भारतातील ‘असर’ पाहणीनुसार, दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. शहरी पालकांनी त्यावरून निर्धास्त होण्याचे कारण नव्हते. जून २०२२ मध्ये मुंबईतील ही मुले तिसरीत गेली, तेव्हा नव्या पुस्तकांआधी मागल्या इयत्तेचा सेतू अभ्यास त्यांच्यापुढे आला.