मेरोवेक: फ्रँकांचा अनोळखी मूळपुरुष

पाचव्या शतकापासून 751 पर्यंत फ्रँक लोकांवर राज्य केलेल्या मेरोव्हिंजियन घराण्याला मेरोवेकचं नाव मिळालं. पण तूरचा बिशप ग्रेगरी त्याच्याबद्दल लिहितो जेमतेम एक वाक्य: काहींच्या मते तो क्लोदिओ राजाच्या वंशातला, आणि त्याचा मुलगा चिल्डेरिक. सहाव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या ग्रेगरीची याच घराण्यातल्या राजांकडे ऊठबस होती. मूळपुरुषाचे चार पोवाडे गायले असते तर ते खूशच झाले असते. तरी त्याने ‘काहींच्या मते’ सोडलं नाही. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

ती रिकामी जागा 660 च्या सुमारास फ्रेडेगारच्या नावावर असलेल्या बखरीने भरली. उन्हाळ्यातल्या भर दुपारी क्लोदिओची राणी समुद्रात स्नानाला उतरली असता एक जलश्वापद तिच्यावर चालून आलं. पुढे तिला दिवस गेले. ते नवऱ्यापासून की श्वापदापासून, हे बखरकार मोघमच ठेवतो. मूल जन्मलं ते मेरोवेक. एव्हाना घराणं पिढ्यान्‌पिढ्या गादीवर होतं, आणि अशा घराण्याला साधा माणूस पूर्वज म्हणून पुरत नाही. पुढच्या काळातही भर पडतच राहिली. ‘द दा विंची कोड’ने घरोघरी पोचवलेल्या मेरोव्हिंजियन रक्ताच्या गूढकथेमागे तर 1960 च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणून ठेवलेले बनावट कागद आहेत.

खऱ्या माणसाची चाहूल लागते ती प्रिस्कस या ग्रीक इतिहासकाराकडे. फ्रँकांचा एक राजा वारला आणि भावाभावांत गादीवरून जुंपली. थोरल्याने हूणांच्या अटिलाची मदत घेतली, धाकट्याने रोमन सेनापती एतियसची. हा धाकटा प्रिस्कसने रोममध्ये स्वतः पाहिला होता: दाढी अजून फुटलेली नाही, पिवळसर केस खांद्यावर रुळलेले. काही अभ्यासक त्याच्यात मेरोवेक शोधतात, पण प्रिस्कस नाव देत नाही.

ठोस पुरावा सुरू होतो मुलापासून. 27 मे 1653 रोजी, आज बेल्जियममध्ये असलेल्या तूर्ने गावी, सेंट ब्रिस चर्चजवळ खोदकाम करताना एका गवंड्याला सोन्याची नाणी लागली. मग निघाली तलवार, तामड्याचे लाल पंख बसवलेल्या सोन्याच्या सुमारे तीनशे मधमाश्या, आणि मुद्रेची अंगठी. अंगठीवर लांब केसांचा, भालाधारी पुरुष. भोवती लॅटिनमध्ये ‘चिल्डेरिक राजाची’ अशी अक्षरं. हे मेरोवेकच्या मुलाचंच थडगं होतं. याच मधमाश्यांवरून घेतलेलं चिन्ह पुढे नेपोलियनने 1804 च्या राज्याभिषेकात आपल्या झग्यावर मिरवलं.

दरम्यान पॅरिसला पोचलेला हा ठेवा 1831 मध्ये तिथल्या ग्रंथालयातून चोरीला गेला आणि बरंचसं सोनं वितळवलं गेलं. मधमाश्यांपैकी दोनच उरल्या. अंगठीही गेली. सुदैवाने शिफ्ले या वैद्याने 1655 मध्येच सगळ्या वस्तूंची चित्रं छापून ठेवली होती, म्हणून त्या मुद्रेवरचा राजा आजही पाहता येतो. त्याच्या बापाचं नाव मात्र त्या थडग्यातल्या कुठल्याच वस्तूवर नव्हतं.