छाती आवळते तेव्हा

दिवाळीचा सुमार. भात पिवळे झाले आहे. समजा, पन्नाशीचे एक बाबा डोक्यावर भाताचा भारा घेऊन बांध चढताहेत. अर्ध्या वाटेवर ते थांबतात. छातीवर कुणी जाते ठेवावे तसे त्यांना वाटते. ते भारा टाकतात आणि बांधावर टेकतात. घटकाभराने बरे वाटते. ते उठतात आणि पुन्हा भारा उचलतात.

घरी कारभारीण विचारते, "काय झालं हो? तोंड असं का उतरलं?"

बाबा म्हणतात, "काही नाही गं. वात धरला असंल."

ही गोष्ट आपल्या शहापूर-मुरबाडच्या कुठल्याही गावात घडू शकते. कुणी म्हणतो छाती भरून आली, कुणी म्हणतो छातीत कळ आली, कुणी म्हणतो जीव घाबरा झाला. शब्द निराळे, पण शरीर आपल्याला एक निरोप देत असते. तो निरोप कसा वाचायचा, ते आज आपण पाहू.

आपले हृदय आपल्या मुठीएवढे असते. ते दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा धडधडते आणि सगळ्या अंगाला रक्त पोचवते. पण हृदयालाही रक्त लागतेच. ते त्याला स्वतःच्या बारीक नळ्यांतून मिळते. खाचराला पाटाचे पाणी मिळते, तसेच हे. पाटात गाळ साचला तर पाणी कमी येते. तसेच वय, तंबाखू, विडी, मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे या नळ्यांत चरबीचा थर बसतो. स्वस्थ बसलो असताना तेवढे रक्त पुरते. चढ चढताना, ओझे उचलताना जास्त लागते, तेव्हा ते पुरत नाही. मग छाती आवळते. विसावा घेतला की थांबते.

बांधावर बाबांचे हेच झाले. लंडनच्या डॉ. हेबर्डन यांनी १७६८ साली हे दुखणे नीट वर्णन करून सांगितले. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर, छाती आवळते व उभे राहिले की थांबते, असे त्यांनी पाहिले होते. असे एकदा जरी झाले, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. पण विसाव्यानेही आवळणे थांबेना, किंवा बसल्या जागी सुरू झाले, तर मात्र क्षणभरही थांबू नये. अशा वेळी नळीत रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. पाट पुरता बुजला की खाचरातले रोप करपू लागते. करपलेले रोप मागाहून पाणी सोडून हिरवे होत नाही. हृदयाचेही तसेच आहे. जितके तास जातील, तितका त्याचा भाग मरतो.

आता कुणी विचारील, "छाती आवळली की दर वेळी हृदयच का?" नाही. कारणे पुष्कळ आहेत. चुलीच्या धुराने, वीटभट्टीच्या किंवा झोडणीच्या धुळीने दमा उसळतो. तेव्हा छाती आवळते आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. न्यूमोनियात ताप, खोकला येतो आणि श्वास घेताना छातीत टोचते. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर क्षयासाठी बेडका तपासून घ्यावा. ओझ्याने बरगडीचा स्नायू ताणला, तर दाबल्यावर दुखते. पित्ताने जळजळते. भीतीनेही छाती धडधडते. अंगात रक्त कमी असले, तरी बायाबापड्यांना दम लागतो.

आपल्या कोकणात आणखी एक कारण आहे. ते म्हणजे लाल विंचू. तो चावल्यावर दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले, छाती आवळून दम लागला, तर विष हृदयापर्यंत भिनले असे समजावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. प्राझोसिन नावाचे औषध वेळेवर दिले तर जीव वाचतो, हे त्यांनी दाखवले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. मंत्राने विष उतरेल म्हणून वाट पाहत बसलो, तर हे औषध द्यायची वेळ निघून जाते.

एवढी कारणे असताना घरबसल्या निवाडा कसा करायचा? करूच नये. पित्त आणि हृदयविकार यांत कधी कधी डॉक्टरांनाही तपासल्यावाचून फरक कळत नाही. आपण फक्त धोक्याच्या खुणा ओळखाव्यात. छातीच्या मधोमध आवळणे किंवा दाब. कळ डाव्या हातात, खांद्यात, पाठीत किंवा जबड्यात जाणे. गार घाम, मळमळ, धाप, घेरी. एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवा. बायांना, म्हाताऱ्यांना आणि मधुमेह असणाऱ्यांना पुष्कळदा कळ येतच नाही. नुसती धाप लागते आणि अंगातले त्राण जाते. "आईला जरा थकवा आलाय," म्हणून तिला निजवून ठेवू नका.

मग करायचे काय? पहिले काम, रोग्याला टेकून बसवा. कपडे सैल करा. त्याला एक पाऊलही चालवू नका. दुसरे काम, १०८ नंबरला फोन लावा. ही गाडी २०१४ सालापासून आपल्या राज्यात धावते. तिला पैसे पडत नाहीत. पाड्यावर गाडी येत नसेल, तर रोग्याला झोळीतून किंवा खुर्चीवर बसवून सडकेपर्यंत न्या आणि गाडीला तिथेच बोलवा. फोनवर डॉक्टरांनी सांगितले, तरच ॲस्पिरिनची गोळी चावून खायला द्या. शुद्ध गेली आणि श्वास थांबला, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोराने आणि भराभर दाबा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. मदत येईतो थांबू नका.

डोळखांब असो की धसई, जवळचे आरोग्य केंद्र आधी गाठावे. नाहीतर शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे सरकारी रुग्णालय आहेच. तिथे छातीला आणि हातापायांना तारा लावून हृदयाची रेघ कागदावर काढतात. त्याला ईसीजी म्हणतात. तो काही मिनिटांत होतो आणि दुखत नाही. पहिली रेघ चांगली आली, तरी डॉक्टर थांबायला सांगतील. थांबावे, कारण काही वेळा दोष नंतर दिसतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शनही आता मिळते. ते पहिल्या काही तासांत दिले तर फार उपयोगी पडते. उशीर झाला, तर त्याचा गुण कमी होतो.

कुणी म्हणेल, "रात्रीची वेळ, गाडीभाडं, आणि नुसतं पित्त निघालं तर लोक हसतील!" हसू द्या. पित्त निघाले तर आनंदच आहे. एक रात्र मोडली, एवढेच. पण हृदय निघाले आणि आपण सकाळची वाट पाहिली, तर?

आधीची काळजीही आपल्याच हाती आहे. विडी, तंबाखू आणि मिशेरी सोडावी. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. मीठ बेताने खावे. चुलीच्या धुराला वाट करून द्यावी.

आमच्या वाचकांना एक विनंती आहे. तुम्ही आता वाचू लागला आहात. आज रात्री जेवणे झाली की हा धडा घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. भिंतीवर कोळशाने तीन आकडे लिहा : १०८. आणि घरातले बाबा कधी म्हणाले, "काही नाही, वात धरला असंल," तर त्यांना सांगा, "बाबा, ते डॉक्टरांना ठरवू द्या. आधी बसा."