जमिनीतले शत्रू (भाग ४) : हुमणीला झाडावरच गाठा

ऑगस्टमध्ये मिरचीच्या शेतात एखादं झाड भर ओलीत कोमेजतं. मर रोग समजून बुरशीनाशकाची आळवणी होते, तरी त्याच ओळीतली पुढची झाडं माना टाकतात. अशा वेळी झाड हलकेच उपसून पाहा. हुमणी असेल तर ते अलगद हाती येतं, कारण मुळं खाल्लेली असतात. बुडाशी उकरलं की अर्धगोल वाकलेली, पांढरट, तपकिरी डोक्याची अळी सापडते. एका झाडाची मुळं संपली की ती शेजारच्या झाडाकडे सरकते, म्हणून नुकसान ओळीनं दिसतं.

गेल्या आठवड्यात पाहिलेली रोपं कुरतडणारी अळी रात्री वर येते. हुमणीची अळी मात्र मातीतच राहते, त्यामुळे वरून मारलेली फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. पूर्वी मुठीनं फोरेट टाकलं जाई. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशभर बंदी आहे, आणि आठवड्याला तोडा होणाऱ्या भाजीत असलं जहाल विष कधीच जायला नको होतं.

माळावरच्या हुमणीची वर्षात एकच पिढी होते, आणि तिथंच ती आपल्या तावडीत सापडते. मे-जूनमध्ये वळवाचा दमदार पाऊस झाला की तिन्हीसांजेला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि बांधावरच्या कडुलिंब, बाभूळ, बोरीवर पाला खायला जमतात. मिलनही तिथंच होतं. पहाटेपूर्वी ते पुन्हा मातीत शिरतात आणि माद्या अंडी घालतात. म्हणून पहिल्या पावसानंतरच्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर झाडाखाली ताडपत्री अंथरा, काठीनं फांद्या हलवा आणि पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. जोडीला प्रकाश सापळा लावा. अंडी घालण्यापूर्वी मादी मेली, तर तिची सगळी पिढी टळते. ऑगस्टमध्ये, अळी मोठी आणि खादाड झाल्यावर, कुठलाच उपाय इतका स्वस्त पडत नाही.

उरलेल्यांसाठी जून-जुलैत, अळ्या लहान असताना, मेटारायझियम ही बुरशी पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलाव्यावर द्या. कच्चं शेणखत मात्र शेतात नेऊ नका, त्यानं हुमणी वाढते. उकिरड्यातल्या मोठाल्या अळ्या पाहून पुष्कळ जण घाबरतात. त्या बहुतेकदा गेंडा भुंग्याच्या असतात. तो नारळाचा वैरी. मिरचीच्या मुळांना त्याच्या अळीचं भय नाही.

भुंगेरा उडतो, त्याला बांध अडवत नाही. एकट्यानं झाडं झोडपून भागणार नाही. वळवाआधीच शेजाऱ्यांशी बोलून ठेवा आणि सगळ्या शिवारानं एकाच वेळी हे काम करा.

पुढच्या आठवड्यात सूत्रकृमी. तोवर वांग्याचं एखादं जुनं झाड उपटून मुळांवर गाठी आहेत का, ते पाहून ठेवा.