द्राक्षबागेतील ‘पेस्ट’ आणि संध्याकाळची दारू

ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की नारायणगावसह जुन्नर तालुक्यातील आणि शेजारच्या आंबेगावातील द्राक्षबागांमध्ये मजुरांची लगबग वाढते. छाटलेल्या काडीवरील डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडचे द्रावण लावतात. यालाच ‘पेस्ट लावणे’ म्हणतात. हे द्रावण कातडीवर सांडल्यास भाजल्यासारख्या जखमा होतात. पण खरा फसवा धोका दारूबरोबर येतो.

एरवी दारूचे यकृतात आधी अॅसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर होते. मग दुसरे एन्झाइम त्याचे निरुपद्रवी अॅसिटेट बनवते. सायनामाइडच्या रेणूत अमाइन गट असतो. श्वासावाटे किंवा त्वचेतून ते शरीरात शिरले की कॅटालेज हे आपलेच एन्झाइम त्याचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून तयार होणारे नायट्रॉक्सिल नेमके त्या दुसऱ्या एन्झाइमला निकामी करते. परिणामी अॅसिटाल्डिहाइड रक्तात साचते. चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, उलट्या होतात, दम लागतो. रक्तदाब घसरून माणूस कोसळूही शकतो. त्यासाठी थोडी दारूही पुरते.

हे नवे नाही. सायनामाइडच्या कारखान्यातील कामगारांना दारू सोसत नाही, हे जर्मनीत 1914 मध्येच नोंदले गेले. पुढे याच गुणामुळे जपानसारख्या देशांत सायनामाइड हे दारू सोडवण्याचे औषध झाले. मात्र औषध मोजून दिले जाते. बागेत किती अंगात गेले, हे कोणी मोजत नाही. युरोपीय संघाने 2008 मध्ये शेतीतील वापरासाठी याला मान्यता नाकारली.

बागेत काळजी घेता येते. रबरी हातमोजे, चष्मा, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. मजुरांना ही साधने देणे ही बागायतदाराची जबाबदारी आहे. काम संपताच साबणाने अंघोळ करावी, कपडे वेगळे धुवावेत. कामाच्या आदल्या दिवसापासून काम संपल्यावर आठवडाभर दारू पूर्ण वर्ज्य करावी. अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधे आणि आसव-अरिष्टेही टाळावीत.

तरीही त्रास झाल्यास घरी वाट पाहू नये. यावर खास उतारा नाही, पण सलाइन, ऑक्सिजन आणि देखरेखीने रुग्ण सावरतो. दवाखान्यात औषधाची बाटली सोबत न्यावी आणि दारू घेतल्याचे लपवू नये. या दोन गोष्टी कळल्या तर निदान लवकर होते.