व्हीओबीत गाणी शोधू नका

बेलापूर गाव प्रवरेकाठी, पण रेल्वेचं ‘बेलापूर’ स्टेशन श्रीरामपूर शहरात. पाटी एक, गाव दुसरं. डीव्हीडीतल्या फाइलीचं ‘.व्हीओबी’ हे शेपूट काढून ‘.एमपी४’ लावलं की व्हिडिओ बदलला, असं समजणाऱ्यांनी ही पाटी आठवावी. आत एमपीईजी-२ होतं, ते तसंच राहतं. कॉम्प्युटर ती फाइल चालवतोही, मोबाइल बऱ्याचदा नाकारतो.

सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, लग्नातला ऑर्केस्ट्रा, शाळेचं गॅदरिंग असं बरंच काही स्टुडिओवाल्यांनी एके काळी डीव्हीडीवर दिलं. आता नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो, म्हणून कुणाकडून तरी फाइली पेनड्राइव्हवर ओढून घेतल्या जातात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

‘एक व्हीओबी म्हणजे एक गाणं’ हा त्यातला सर्वांत मोठा गैरसमज. डीव्हीडीच्या नियमानुसार एक व्हीओबी फाइल साधारण १ जीबीच्या पुढे जात नाही. मर्यादा आली की पुढची फाइल सुरू, मग अभंगाचं ध्रुपद चालू असो की तबल्याची तिहाई. कुठलं गाणं कुठे सुरू होतं याची नोंद शेजारच्या आयएफओ फाइलीत असते. बीयूपी ही तिचीच राखीव प्रत. नुसते व्हीओबी उचलले की चॅप्टरांचा हिशेब डिस्कवरच राहतो. म्हणून अख्खं ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर घ्यावं, किंवा सरळ डिस्कची आयएसओ प्रत करावी.

‘कन्व्हर्ट केलं की दर्जा उतरतोच’ हे अर्धंच खरं. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर चित्र-आवाजाला हात न लावता मजकूर एमकेव्ही फाइलीत हलवतो, चॅप्टरही राखतो. पुढे एमकेव्हीटूलनिक्समध्ये चॅप्टरनुसार तोडण्याचा पर्याय निवडला की प्रत्येक चॅप्टरची वेगळी फाइल मिळते. हँडब्रेक या सॉफ्टवेअरचं तसं नाही. तो व्हिडिओ नव्याने एन्कोड करतो. थोडा दर्जा जातो, पण फाइल बरीच लहान होते आणि मोबाइलवर चालते. त्यात क्वालिटीचा आकडा १८ ते २० ठेवला तर फरक सहसा डोळ्यांना जाणवत नाही. माझं मत विचाराल तर आधी एमकेव्ही करून जपून ठेवा, हँडब्रेक त्या प्रतीवर चालवा.

‘चॅप्टर म्हणजे गाणं’ हे कंपनीच्या डिस्कला बहुधा लागू पडतं. एका टायटलमध्ये ९९ चॅप्टर बसतात, म्हणजे गीतरामायणाच्या ५६ गीतांनाही आकडा पुरावा! घरगुती डिस्कचं मात्र वेगळं. बऱ्याच डीव्हीडी रेकॉर्डरवर दर पाच-दहा मिनिटांनी आपोआप चॅप्टर पडण्याची सोय होती. अशा डिस्कचे तुकडे केले की निरूपण दृष्टान्ताच्या मधोमध तुटतं. तिथे डिस्क एकदा बसून बघायची, वेळा कागदावर मांडायच्या आणि त्या वेळांवर तोडायचं. पुन्हा एन्कोड न करता तोडताना काप जवळच्या पूर्ण फ्रेमवर सरकतो, पण आपल्याकडच्या पाल डीव्हीडीत अशी फ्रेम साधारण दर अर्ध्या सेकंदाला येते. टाळ्यांच्या गजरात तेवढं खपून जातं.

‘१०८० केलं की एचडी झालं’ यावर फार वेळ घालवायला नको. मूळ चित्र ७२०×५७६ आहे. त्यात नसलेला तपशील मोठ्या आकड्याने येत नाही, फाइल मात्र फुगते. हलत्या हातांभोवती कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर हँडब्रेकमध्ये डीइंटरलेस चालू करा, आणि ४:३ चं चित्र पडदाभर ताणू नका. बुवा उगीच रुंद दिसतात.

राहिला कायदा. कंपनीच्या डिस्कवर बहुधा नक्कल रोखणारं सीएसएस कुलूप असतं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५अ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. स्टुडिओने घरच्या कार्यक्रमाची भरून दिलेली डिस्क सहसा उघडीच असते. पण कीर्तन यूट्यूबवर चढवायचं असेल, तर आधी बुवांना विचारा; सादरीकरणावर कलाकाराचा हक्क कायद्यानेच आहे.