आज्ञावलीच्या गाठोड्याची पारख

१८९८ साली बंगलोरमध्ये प्लेगची साथ पसरली, तेव्हा दाटीच्या जुन्या पेठांपासून दूर मल्लेश्वरम ही नवी वस्ती आखण्यात आली. तिच्या शेजारी १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. चालू शतकाच्या पहिल्या दशकात लिनक्स या संगणकप्रणालीवर काम करणाऱ्यांची अनेक संमेलने या संस्थेत भरली. पुढे पुढे त्यांचा भर नुसते ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष हातभार लावण्यावर राहिला. अशा हातभाराचा एक महत्त्वाचा प्रकार म्हणजे पॅकेजांची तपासणी होय.

लिनक्स एकाच कारखान्यात तयार होत नाही. अनेक लेखकांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या आज्ञावली एकमेकींशी जुळतील अशा बांधून दिल्या, की त्या संचाला ‘वितरण’ म्हणतात. १९९३ साली सुरू झालेले डेबियन हे असेच एक वितरण आहे. त्यातील प्रत्येक पॅकेजाबरोबर बांधणीची संहिता असते. आज्ञावली कोठून आणली, तिला दुसरी कोणती मॉड्यूले लागतात, तिचा परवाना कोणता आणि मूळ मजकुरात कोणते फेरफार केले, हे तीत नोंदलेले असते. परीक्षक ती ओळीने वाचतो, पॅकेज नव्याने बांधून पाहतो आणि चाचण्या घेतो.

हे काम किरकोळ नव्हे. ओपनएसएसएल हे मॉड्यूल गुप्त संदेशांसाठी लागणाऱ्या किल्ल्या घडविते. त्यासाठी कोणालाही अंदाज करता येणार नाही अशा संख्यांची गरज असते. दोष शोधणाऱ्या एका साधनाने त्यातील दोन ओळींविषयी इशारा दिला. बांधणी करणाऱ्याने मूळ लेखकांच्या चर्चेत विचारणाही केली होती. अखेर २००६ साली डेबियनच्या पॅकेजातून त्या ओळी वगळण्यात आल्या. इशारा थांबला, परंतु त्यांपैकी एका ओळीतूनच अनिश्चिततेचा पुरवठा होत असे. आता बदलणारा घटक उरला तो चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि तो सामान्यतः ३२,७६८ च्या पलीकडे जात नसे. एका जातीच्या यंत्रावर एका लांबीच्या किल्ल्या जवळजवळ तेवढ्याच संभवत. त्या सर्व आधीच घडवून ठेवणे चोराला कठीण नव्हते.

लुसियानो बेलो यांनी हा दोष हुडकला आणि १३ मे २००८ रोजी डेबियनने तो जाहीर केला. नुसते सुधारलेले पॅकेज बसवून भागले नाही. मधल्या काळातील दुबळ्या किल्ल्या टाकून नव्या घडवाव्या लागल्या.

म्हणून ‘इशारा थांबला काय?’ एवढे पाहून परीक्षकाचे काम संपत नाही. ‘ही ओळ येथे कशासाठी होती?’ हेही त्याला विचारावे लागते. खुली संहिता कोणालाही वाचता येते हे खरे. तथापि ती कोणीतरी वाचावी लागते.