मुलांचे तोंड वारंवार का येते?

'पोराचं तोंड आलंय' हे वाक्य आपल्या घरांतून इतक्यांदा ऐकू येते की त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. आजी म्हणते, 'उष्णता झाली'. शेजारीण म्हणते, 'पोट साफ नसेल'. आणि आठवड्या-पंधरवड्यात तोंड बरे होऊन जाते. बहुधा हे असेच असते, त्यात घाबरण्याजोगे काही नाही. परंतु काही मुलांचे तोंड पुनःपुन्हा येत राहते. त्यांच्याविषयी थोडे सांगावयाचे आहे. सांगणारा डॉक्टर नव्हे, मास्तर आहे. तेव्हा औषधाची मात्रा येथे मिळणार नाही. काय पाहावे आणि काय टिपून ठेवावे, एवढेच मिळेल.

प्रथम व्रण ओळखू या. ओठाच्या किंवा गालाच्या आतल्या बाजूस, जिभेच्या कडेला लहानसा गोल खड्डा पडतो. तळ पिवळट पांढरा आणि भोवती लाल कडा. हे व्रण संसर्गजन्य नाहीत. एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. म्हणून गुरुजींनी किंवा बाईंनी अशा मुलाला वर्गात वेगळे बसवू नये.

मग ते होतात कशाने? कधी दात लागतो. कधी रक्तात लोह, फॉलिक आम्ल किंवा 'ब-१२' हे जीवनसत्त्व कमी पडते. आणि कधी कारण याहून खोल असते. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक फौज असते. गावात चोर शिरलेला नसतानाच राखणदारांनी आरडाओरड करून घरच्याच माणसांवर काठ्या चालवाव्यात, तसे ही फौज कधी कधी करते. याला दाह म्हणतात. तोंडाची आतली त्वचा नाजूक, म्हणून तेथे तो चटकन दिसतो.

याचे एक उदाहरण घेऊ. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला एकाएकी १०२-१०३ अंश ताप येतो, घसा धरतो, मानेत गाठी येतात, तोंडात व्रण उठतात. तीन ते सहा दिवसांत सारे निवळते. मूल खेळू लागते. तीन ते सहा आठवडे गेले की पुन्हा तोच प्रकार! अमेरिकेतील डॉक्टरांनी १९८७ साली या दुखण्याचे वर्णन केले. त्याला 'पीफापा' म्हणतात. घसा पाहून दर वेळी प्रतिजैविक दिले जाते आणि ताप आपल्या वेळेने उतरला तरी श्रेय औषधाला जाते. वास्तविक येथे मारायला जंतूच नसतो. डॉक्टरांनी निदान करून दिलेली स्टिरॉइडची एकच मात्रा काही तासांत ताप उतरवते, मात्र पुढची पाळी कधी लवकर येते. काहींना टॉन्सिल काढल्याने आराम पडतो. बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर हे आपोआप थांबते.

दुसरे दुखणे आपल्याकडे विरळा, पण जपण्यासारखे. तुर्कस्तानातील त्वचारोगतज्ज्ञ हुलुसी बेहचेत यांनी १९३७ साली ते वर्णिले. त्यात तोंडाबरोबर गुप्तांगावर व्रण येतात आणि डोळ्यांत दाह होतो. उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते. व्रण कमी करण्यास यात कोल्चिसिन नावाचे औषध देतात. आपल्या रानातल्या कळलावीच्या कंदात हेच द्रव्य असते, पण तो कंद जहाल विषारी आहे. घरी त्याच्या वाटेला कधीही जाऊ नका.

वारंवार तोंड येण्याबरोबर पोटात दुखणे, जुलाब, वजन न वाढणे असेल, तर आतड्याचा दाह किंवा गहू न सोसणारा 'सिलिॲक' आजार असू शकतो. येथे एक चूक टाळा: तपासणीपूर्वीच गव्हाची पोळी बंद करू नका, नाहीतर रक्ततपासणी फसवी निघते.

घरी काय करावे? थुंकता येणाऱ्या मुलाला पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरावयास द्या. तिखट, चिंच, लिंबू बाजूला ठेवा. मऊ भात, बिनतिखटाची खिचडी, गार दूध द्या. ब्रश मऊ असावा. व्रणाला टाकणखार लावू नका, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. दाह कमी करणारा लेप मिळतो, पण तो डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच लावावा.

व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, डोळा लाल होऊन दुखू लागला, वजन घटले, सांधे सुजले, किंवा मूल पाणी पिईना व लघवी कमी झाली, तर वाट पाहू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा आणि तेथून गरज पडल्यास जिल्हा रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांकडे जा.

शेवटी सर्वांत स्वस्त उपाय. भिंतीवरच्या कॅलेंडरावर तोंड आले त्या दिवशी फुली मारा; ताप किती, किती दिवस, शाळा किती बुडाली, औषध कोणते दिले, तेही लिहा. शिक्षकांनी हजेरीपट चाळला तर महिन्या-महिन्याने पडणारे खाडे त्यांनाही दिसतील. दवाखान्यात डॉक्टरांना एकच दिवस दिसतो. सहा महिने दिसतात ते आईला आणि गुरुजींना. त्या फुल्यांचा कागद बरोबर न्या. पुष्कळदा निदानाची निम्मी वाट तोच दाखवतो.